शनिवारी संपणारं कार्ड

कांता मुनेश्वर माझ्याकडे पहिल्यांदा आली ती १९६२ च्या दिवाळीनंतर. मी तेव्हा कळंबपासून सहा मैल आत, कच्च्या रस्त्यावरच्या एका गावात सरकारी नर्स होते. दवाखाना म्हणजे ग्रामपंचायतीनं दिलेल्या दोन खोल्या आणि औषधांचं एक कपाट. मी मूळची बाभुळगावची. नाव विमल, पण गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे नर्सबाई म्हणत.

बाळंतपणं आणि खरूज सोडून तिसरं काही माझ्याकडे क्वचितच येई. म्हणून ही चोवीस वर्षांची मुलगी दारात उभी राहिली तेव्हा मी आधी तिच्या पायाकडे पाहिलं. डावा पाय काडीसारखा बारीक. चौथ्या वर्षी ताप आला आणि पाय गेला, असं तिच्या बापानं, मारोतीनं, मला कधीतरी सांगितलं होतं. चालताना ती गुडघ्यावर हात टेकून पाय पुढे टाकायची.

"पाय नाई दाखवाचा बाई," ती म्हणाली. "तो जुना हाय."

आणि तिनं पदराखालून उजवा हात काढला.

करंगळी आणि शेजारचं बोट मुळापासून गेलेली. उरलेली दोन बोटं तळव्याकडे वळून तिथेच चिकटल्यासारखी झाली होती. जखम भरली होती, पण भरताना कातडी आकसली होती आणि तिनं बोटांना आत ओढून धरलं होतं. मी ती हलक्यानं उघडून पाहिली. अर्धा इंच हलली आणि कांताच्या कपाळावर घाम आला.

हे कसं झालं ते तिनं त्या दिवशी थोडं सांगितलं, बाकी पुढे कळत गेलं.

छप्पनच्या दसऱ्याला गावातली त्यांची सारी वस्ती दीक्षेसाठी नागपूरला गेली, असं ती सांगे. ती अठरा वर्षांची. बापानं तिला नेऊ नये असं सगळ्यांचं मत होतं, एवढ्या गर्दीत लंगडी पोर कुठे सांभाळायची म्हणून. ती गेलीच. परतताना मात्र ती आली नाही. तिची मावशी रुखमाबाई नागपुरात एका कापडगिरणीत सुताच्या लडी गुंडाळायच्या खात्यात कामाला होती. कांता तिच्या खोलीवर राहिली आणि वर्षभरात त्याच खात्यात लागली. उभ्यानं करायचं काम, आठ तास. पहिले सहा महिने पाय सुजत असे. नंतर तिनं उजव्या पायावर भार टाकून यंत्राच्या चौकटीला कंबर टेकायची युक्ती काढली आणि पाच वर्षं एकही खाडा न करता काम केलं.

गिरणीतल्या कामगारांना तेव्हा सरकारी विमा लागू झालेला होता. पगारातून दर आठवड्याला थोडं कापलं जाई, त्याबदली एक कार्ड मिळे. आजारी पडलं तर दवाखाना, इस्पितळ, रजेतला अर्धा पगार. आणि कामावर अपघात होऊन अधूपण आलं तर जन्मभर पेन्शन आणि उपचार. आपल्या गावातल्या कुणाकडेही नसलेली ही वस्तू आपल्याकडे आहे, याचा कांताला फार अभिमान होता.

बासष्टच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी, पाळी सुरू होऊन तास झाला असताना, छताखालच्या नळीतून टपकलेल्या पाण्यावर तिचा पाय घसरला. आधारासाठी तिनं हात टाकला. यंत्राच्या दातेरी चाकांवर लोखंडी जाळी असायची. ती दुरुस्तीसाठी काढलेली होती, आठ दिवसांपासून. हात चाकात गेला.

इस्पितळात तिच्यावर उपचार झाले. पण गिरणीनं विम्याच्या कचेरीला जो अपघाताचा कागद पाठवला त्यात लिहिलं होतं, की सदर कामगार स्त्री जन्मतः पायानं अधू असून पाळी सुरू होण्याआधी स्वतःचा तोल जाऊन पडली. म्हणजे कामावरचा अपघातच नाही. तंटा सुरू झाला. तंटा मिटेपर्यंत कांता विम्याच्या लेखी साधी आजारी बाई. आजाराच्या सवलतीला मुदत असते. गिरणीनं हजेरीपटावरून नाव काढलं, पगार थांबला, विम्याची वर्गणी थांबली, आणि तिनं पूर्वी भरलेल्या वर्गणीवर कार्ड जेवढे दिवस चालणार तेवढेच दिवस तिच्या हातात उरले. खोलीवर बसून मावशीच्या जिवावर खायला नको म्हणून ती गावी आली.

मी तिला यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात पाहून सांगितलं, की आकसलेली कातडी कापून मांडीची कातडी लावावी लागेल. हे काम नागपूरचं. "आणि लवकर करा," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "चार-पाच महिन्यांत सांधे गोठले की मग कातडी बदलून उपयोग नाही. बिनविम्याची म्हणून गेली तर तिथे नंबर लागायलाच वर्ष जाईल."

कार्डाची मुदत होती २६ जानेवारी, शनिवारपर्यंत.

आम्ही नागपूरच्या विमा कचेरीकडे अर्ज करायला लागलो. ती सांगायची, मी लिहायची. नोव्हेंबरात एक, डिसेंबरात दोन, त्यातला एक रजिस्टर पोस्टानं. त्या थंडीत चीनच्या लढाईशिवाय दुसरं काही कुणाच्या तोंडी नव्हतं. कळंबच्या पोस्टात लोक रेडिओ ऐकायला उभे असत आणि मी आपली पोचपावती मागत असे. रोज दुपारी कांता दवाखान्यात यायची. कोमट पाण्यात हात बुडवून मी बोटं ताणायची, ती ओठ दाबून भिंतीकडे पाहायची. उरलेल्या वेळात ती पाटीवर डाव्या हातानं अक्षरं काढायची. चौथीपर्यंत शिकलेली होती, सही सुरेख होती म्हणे तिची.

बुधवारी, २३ जानेवारीला, पोस्टमन पत्र घेऊन आला. पत्रावर तारीख चौदाची होती. दोन ओळी. उपचारासाठी मुदतीच्या आत मूळ कार्डासह समक्ष हजर व्हावे.

मी कॅलेंडर पाहिलं. शनिवारी सव्वीस जानेवारी म्हणजे झेंड्याची सुट्टी. कचेरी बंद.

"म्हंजे शुक्रवार," कांता म्हणाली.

"शुक्रवार. एकच दिवस."

मी रजेचा अर्ज कळंबला पाठवून उत्तराची वाट न पाहता निघाले. गुरुवारी पहाटे मारोतीनं कुणाची तरी बैलगाडी मागून आणली. कळंबला एस.टी. मिळाली ती देवळीच्या अलीकडे बंद पडली. दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो.  कार्डाची पिशवी कांतानं पोलक्यात ठेवली होती आणि दर थोड्या वेळानं डाव्या हातानं चाचपत होती. दुसऱ्या गाडीनं वर्धा, तिथून रेल्वेनं नागपूर. दिवेलागणीला आम्ही रुखमाबाईच्या चाळीत पोचलो.

खोलीत मावशीसोबत एक माणूस बसला होता. कांताला पाहून तो उठला.

"जयभीम कांताबाई," तो म्हणाला.

तो तिच्या खात्याचा मुकादम देवराव. कांता येणार हे मावशीकडून त्याला कळलं होतं. कळंबहून केलेली आमची तार दुपारीच आली होती. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्याकडे दिला, मी शिकलेली दिसत होते म्हणून. टाइप केलेला होता. मी मोठ्यानं वाचला. मी लहानपणापासून पायाने अधू असून, पाळी सुरू होण्याआधी स्वतःच्या पायामुळे तोल जाऊन पडले. यंत्रात किंवा जमिनीत कोणताही दोष नव्हता. माझी कोणतीही तक्रार नाही.

"यावर सही दे," देवराव म्हणाला. "सोमवारपासून तुले झाडलोटीच्या कामावर घेतो म्हनते साहेब. नाव हजेरीपटावर आलं का वर्गणी सुरू, कार्ड सुरू. ऑपरेशन आरामात कर. उद्या पळापळ नाई का काई नाई."

 मला कबूल करायला हवं, माझ्या मनात आलं की देऊन टाकावी सही. हात वाचला असता.

"अन् नाई देल्ली तं?" कांतानं विचारलं.

"मी काय सांगू बाप्पा. जाळी काढाचा हुकूम वरून होता, पन चौकशी झाली तं नाव माहं येईन. घरी पाच लेकरं हायत." तो जमिनीकडे पाहत होता. "अन् रुखमाबाईचं नोकरीचं दीडेक वर्स राह्यलं."

रुखमाबाई एकदम रडायला लागली. "दे वो कांते सही. माह्या पोटावर कायले पाय देतं? तुले पाच वर्सं मीच ठेवलं ना घरात?"

 कांतानं तो कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली आणि देवरावच्या पुढ्यात ठेवला.

"दादा, ह्याच्यात लिव्हलं हाय का मी माह्या पायानं पडली. हे मी लिहून देल्लं, तं मैनाभरानं हाच कागद दाखवून तुमी म्हनान, बाई अशीच पडत राह्यते, काढा तिले. मंग ना काम, ना कार्ड, ना पेन्शन. पाच वर्सं मी ह्याच पायावर उभी होती. एक डाव तरी पडली काय? तुमीच सांगा."

 देवराव कागद उचलून गेला. रुखमाबाईनं आम्हाला जेवायला वाढलं, पण कांताशी ती बोलली नाही, आणि सकाळी आम्ही उठायच्या आत पहिल्या पाळीला निघून गेली.

शुक्रवारी कचेरी उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. साडेदहाला खिडकी उघडली. कारकुनानं कार्ड पाहिलं, पत्र पाहिलं आणि एक अर्ज पुढे सरकवला. "सही करा."

कांतानं टाक डाव्या हातात धरला. सावकाश, एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं. कारकुनानं ते कार्डावरच्या सहीशेजारी धरलं.

"ही सही जुळत नाही."

"ती उजव्या हाताची हाय," कांता म्हणाली. "हात हा असा झाला."

"ते मला दिसतंय हो. पण सही जुळत नाही तर मी ओळख पटली असं कसं लिहू?"

मी मध्ये पडले. मी सरकारी नर्स आहे, मी ओळखते, मी लिहून देते. चालणार नाही, ओळख पटवायला गिरणीचा माणूस हवा. गिरणीचा माणूस कोण येणार होता? मागे रांग वाढत होती. घड्याळात अकरा वाजत आले होते, आणि इथून विम्याच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरची चिठ्ठी घ्यायची होती. तो बाराला उठतो.

शेवटी कारकूनच म्हणाला, "अंगठ्यावर भागेल. कार्ड काढताना सगळ्यांचे डावे अंगठे घेतलेत, रजिस्टरात असेल. पण मग खाली निरक्षर असं लिहावं लागेल."

इतका वेळ न बदललेला कांताचा चेहरा तेव्हा बदलला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आता ही भांडते. पण तिनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर उमटवला आणि म्हणाली, "लिव्हा काय लिव्हाचं ते. लवकर लिव्हा."

आम्ही रिक्षा केली. दवाखान्यात डॉक्टर पिशवी आवरत होता. त्यानं उभ्याउभ्याच चिठ्ठी दिली. ती घेऊन इस्पितळात पोचायला एक वाजला. विम्याच्या रुग्णांसाठी तिथे ठरावीक खाटा होत्या. भरतीच्या टेबलावरच्या माणसानं वही पाहिली.

"खाट नाही. सोमवारी या."

"सोमवारी कार्ड राहात नाही," मी म्हणाले.

"त्याला मी काय करू? खाट नाही म्हणजे नाही."

मी पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. मी ओरडले असावे, कारण दोन-तीन जण वळून पाहू लागले. कांतानं माझा दंड धरून मला बाजूला केलं आणि ती टेबलाला पोट लावून उभी राहिली, यंत्राला टेकून उभी राहायची तशीच.

"साहेब, खाट नाई हे मले समजलं. मंग असं लिहून द्या. कांता मारोती मुनेश्वर, आज पंचवीस तारखेले, चालू कार्ड अन् डॉक्टरची चिठ्ठी घिऊन आली होती. तिले भरती केलं नाई. खाली तुमची सही अन् शिक्का."

"असं काही लिहून देत नसतात."

"मंग भरती करा."

"बाई, बाजूला व्हा."

"ऑगस्टमंदी मी पडली तवा म्या कोनापासून कागद घेतला नाई," कांता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "म्हून आज लोक म्हनते मी कामावर पडलीच नाई. आता कागद घेतल्याबिगर मी हालत नाई."

ती खरंच हलली नाही. दोन वाजले. अडीच. मागचे लोक तिला वळसा घालून आपली कामं करून घेत होते. तिचा चांगला पाय कापायला लागलेला मला दिसत होता. मी स्टूल आणलं तर बसायलाही तयार होईना. तीनच्या सुमारास त्या माणसानं शिपायाला बोलावलं. शिपाई आला, त्यानं तिचा पाय पाहिला, हात पाहिला आणि तो तसाच उभा राहिला. मग टेबलावरचा माणूस स्वतःच उठून आत गेला.

त्याच्यासोबत आलेले सर्जन पन्नाशीचे, थकलेले दिसत होते. त्यांनी काही न विचारता कांताचा हात हातात घेतला, बोटं उघडून पाहिली, अंगठा फिरवून पाहिला.

"रोज कोण ताणतं हे?"

"मी," मी म्हणाले.

"म्हणून राहिलेत सांधे." मग त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि टेबलावर टाकली. "आजची तारीख घाला. जमिनीवर गादी टाका. मुदतीत दाखल झालेल्या रुग्णाचे उपचार मध्येच तोडता येत नाहीत, माहीत आहे ना?"

कांता तिथेच खाली बसली. नंतर तिला उठवायला शिपायाला आणि मला दोघांना हात द्यावे लागले.

दोन ऑपरेशनं झाली, फेब्रुवारीत आणि मे महिन्यात. अंगठा आणि दोन बोटं उघडली. सुईत दोरा ओवता येण्याइतकी नाही, पण पेला धरता येण्याइतकी, विळा धरता येण्याइतकी. मला बिनपरवानगी रजेबद्दल ताकीद मिळाली. ती अजून माझ्या कागदांत आहे.

तंटा मात्र लांबला. चौसष्टच्या उन्हाळ्यात तिला तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळापुढे बोलावलं. मी बाहेर बसले होते. आत जाताना तिला कळलं की एक साक्षीदार आधीच येऊन गेली आहे. रुखमाबाई. तिची नोकरी महिन्यापूर्वी संपली होती आणि जाळी, पाणी, वेळ, सगळं तिनं सांगितलं होतं. कांताला न भेटताच ती मागच्या दारानं गेली होती. मंडळानं कामावरचा अपघात मानला, पण पेन्शन ज्यावर ठरते तो अधूपणाचा आकडा कमी धरला. पाय आधीचाच आहे, असा शेरा मारून. पायाचा हाताशी काय संबंध, हे कांतानं विचारलं. आकडा तोच राहिला. छोटीशी पेन्शन सुरू झाली. दर वर्षी जिवंत असल्याचा दाखला लागे, तो मीच द्यायची.

गिरणीनं तिला परत घेतलं नाही. गावात ती कापूस वेचायला जाई, एका हातानं, इतरांच्या निम्मा. पण अर्ज कसा करायचा, कुठे सही मागायची, हे तिला कळतं असा बोभाटा झाला होता. पासष्टच्या हिवाळ्यात तांड्यावरची जमनाबाई तिच्याकडे आली. तिशीतली बाई, सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला. गाठोड्याखाली पाय सापडून घोटा मोडला होता. कांतानं आधी तिला विचारलं, कार्ड हाय काय? जमनाबाईला कार्ड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

दोघी यवतमाळला गेल्या, एकमेकींचा आधार घेत. तिथल्या साहेबानं समजावून सांगितलं, की हा विमा अजून या जिल्ह्यात आलेला नाही, आणि आला तरी जिनिंगला लागू नाही. जिनिंग हंगामी कारखाना आहे. वर्षातले चार-सहा महिने चालतो.

कांता मला संध्याकाळी हे सांगत होती. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"म्या म्हनलं, साहेब, कारखाना हंगामी हाय. पन ह्या बाईचा पाय तं बारा मैने मोडलेला राहीन."

"मग?"

"मंग काई नाई. ते म्हनले, नुकसानभरपाईचा दुसरा कायदा हाय, त्याचा फारम येगळा. फारम आनला हाय." तिनं पोलक्यातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "वाचा बाई. पयले हे सांगा, साक्षीदार किती लागते?"